कंदीची शुगर

साताऱ्यात राहून कुत्र्याचे लाड करते म्हणून कोणी नावं ठेवायला लागलं की मी थेट थोरल्या शाहू महाराजांना पुढे करते. महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा त्यानं धन्याचा जीव वाचवला. महाराजांनी त्याचे उपकार असे फेडले, की कुत्र्याच्या नावानं जहागिरीची सनद काढली आणि वर पालखी दिली. तेवढ्यावरही भागलं नाही. दोन मराठे सरदार दरबारात भेटीला येणार होते, तेव्हा खंड्याला जरीचा पोशाख आणि अंगभर जवाहीर घालून महाराजांनी स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. हे ग्रँट डफनं लिहून ठेवलंय. राजाचं डोकं कसं फिरलं होतं, हे दाखवायला त्यानं ते लिहिलं. मी ते वाचलं तेव्हा मला वाटलं, डोकं अगदी ठिकाणावर असलेला राजा आहे हा. जीव वाचवणाऱ्याला पालखी द्यायची नाही तर कोणाला? संगम माहुलीला, जिथं महाराजांची समाधी आहे, तिथं खंड्याचीही समाधी आजही दाखवतात.

आमच्या कंदीला पालखी नव्हती, स्कूटर होती. पुढे पाय ठेवायच्या जागेत ती बसायची, आणि पोवई नाक्यावर सिग्नलला थांबलं की शेजारच्या गाड्यांकडे जहागीरदाराच्याच नजरेनं बघायची. वंशानं अस्सल गावठी. मुलगा शाळेत असताना शर्टात लपवून घेऊन आला होता. रंग भाजक्या खव्याचा, तोही आपल्या मोती चौकातल्या कंदी पेढ्याच्या खव्याचा, म्हणून नाव कंदी. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, "हे जनावर घरात राहिलं तर मी गावाला जातो" असं जाहीर केलं. ते गेले नाहीत. आठवडाभरात ते तिला पेपर वाचून दाखवत होते.

अण्णा एसटीत कंट्रोलर होते. साताऱ्याच्या स्टँडवर माईकवरून गाड्या सोडण्यात त्यांची नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर घर हेच स्टँड झालं. जेवणाची गाडी, चहाची गाडी, औषधाची गाडी. इतरांच्या गाड्या वेळेवर सुटाव्यात यावर त्यांचा कटाक्ष. त्यांची स्वतःची एकच गाडी कायम लेट असायची, ती इन्सुलिनची. वीस वर्षांचा जुना डायबेटीस, त्यामुळे त्याच्याशी त्यांची घरोब्याची मैत्री झालेली. "होतंय गं सावकाश," म्हणायचे, आणि सुई टोचायच्या आधी जेवून, शतपावली करून मोकळे.

कंदीचं निदान पहिल्यांदा केलं ते आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी. एका सकाळी मागच्या अंगणातून त्यांनी हाक मारली.

"वैनी, हिकडं या जरा. कंदीच्या मुताला मुंग्या लागल्यात."

मी गेले. फरशीवर ओला डाग होता आणि तुळशीच्या कुंडीखालून काळ्या मुंग्यांची रांग निघून त्या डागाच्या कडेला गोल बसली होती. मधे कोणी नाही, सगळ्या काठाकाठानं, पंगतीला बसल्यासारख्या. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्या सासूचं असंच झालं हुतं. साकर हाय ही. डाक्टरला दावा."

कुत्र्याला कुठली आलीय साखर, असं आमच्या घरातलं एकूण शिक्षण म्हणत होतं. पण मावशींच्या आवाजात काही तरी होतं, मी त्याच दिवशी घेऊन गेले. डॉक्टरांनी कानाच्या कडेला बारीक टोचून थेंब काढला, अण्णांकडे असतं तसंच यंत्र, तशीच पट्टी. कुत्र्याची उपाशीपोटीची शुगर साधारण ८० ते १२० असते. हिची चारशेच्या वर निघाली. कुत्र्याच्या रक्तातली साखर १८०-२०० च्या पुढे गेली की मूत्रपिंडाला ती आवरत नाही, लघवीतून बाहेर पडते, साखरेबरोबर पाणी जातं, म्हणून ते सारखं पाणी पितं. डॉक्टर हे सगळं समजावत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर मुंग्या.

नंतर वाचलं तेव्हा मावशींची परंपरा केवढी जुनी आहे ते कळलं. चरकसंहितेत प्रमेहाची आधीची लक्षणं सांगताना अंगाला आणि लघवीला मुंग्या लागतात हे दिलेलंच आहे. मावशींनी चरक वाचलेला नाही. चरकानं मावशींसारख्या कोणाला तरी विचारलं असणार, असा माझा अंदाज आहे.

आता औषध. कुत्र्यांच्या डायबेटीसला माणसांसारख्या गोळ्या चालत नाहीत, बहुतेक सगळ्यांना जन्मभर इन्सुलिनच लागतं. बारा बारा तासांनी, रोज, ठरल्या वेळी. आधी खाणं, ते पोटात गेलेलं बघायचं, मगच सुई. मी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले.

"पेशंटचं नाव?"

"कंदी."

"वय?"

"नऊ."

काउंटरवरच्या माणसाचा हात थांबला. "अरेरे! एवढ्या लहान वयात? शाळेत सांगून ठेवलंय ना, ताई? मास्तरांना माहिती पाहिजे."

"शाळेत जात नाही ती."

हे ऐकून त्याचा चेहरा आणखी पडला. शेवटी मी सांगून टाकलं, की कुत्री आहे हो. तो इतका सुटला, की दुकानातल्या सगळ्यांना त्यानं ते सांगितलं. पुढे दर वेळी "आमच्या कंदीबाई काय म्हणतात?" असं विचारल्याशिवाय त्यानं पिशवी हातात दिली नाही.

आळीत बातमी पसरली. एकीनं कारल्याचा रस सांगितला, एकानं जांभळाच्या बियांची पूड आणूनच दिली. "पेढे चारले असणार" हे तर सगळ्यांचंच मत. समोरच्या काकूंचं निदान सर्वांत मूलगामी होतं. "नाव बदला बाई तिचं. नावातच साखर आहे, उतरणार कशी?"

आता आमच्या फ्रिजच्या दारात दोन इन्सुलिनं आली. अण्णांचं पेन, आणि कंदीची छोटी कुपी. आपल्याकडच्या साध्या कुपीत मिलीलीटरला ४० युनिट असतात, तिच्या सिरिंजचं टोपण लाल. १०० युनिटवाल्या सिरिंजचं टोपण नारिंगी. ही अदलाबदल झाली तर डोस अडीचपट इकडचा तिकडे होतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अण्णांनी पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या: एकीवर 'अ', दुसरीवर 'कं'. कुपी हलवायची नाही, दोन तळव्यांत हळू घोळवायची, म्हणजे तळाशी बसलेलं पांढरं औषध सारखं मिसळतं आणि फेस येत नाही. हे काम अण्णांनी कोणाला करू दिलं नाही. वाचायचा चष्मा लावून, कुपी घोळवत, ओठ हलत असायचे; रामरक्षा म्हणतायत असं मला बरेच दिवस वाटलं. ते घोळवण्याचे आकडे मोजत होते.

मग माईकवरच्या आवाजात हाक यायची, "चला, सातची गाडी लागली!"

आणि कंदी येऊन उभी राहायची. हे मला कधीच नीट उमगलं नाही. सुईच्या वेळेला माणूस पळतो; आमचे अण्णाच वीस वर्षं पळत होते. ही आपणहून यायची, ताटली चाटून पुसून, अण्णांच्या खुर्चीपुढे पाठ करून उभी. मानेमागची कातडी चिमटीत धरली की एकदा शेपूट हलवायची. नवऱ्याचं म्हणणं, तिला ते लाडच वाटत असावेत. असेलही. आपल्याला डायबेटीस आहे हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि अण्णांना कळून फरक पडला नव्हता.

तो पडला कंदीमुळे. सातला पाच कमी असताना ती खुर्चीसमोर येऊन अण्णांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायची. ती बघत असताना स्वतःची सुई चुकवणं अण्णांना जमेना. "आधी मी घेतो, मग तू. बघ, काही झालं का मला?" असं तिला सांगून ते आधी स्वतःला टोचून घेऊ लागले. दोघांना दुधीही एकाच पातेल्यातला. फक्त तिच्या ताटलीत उकडलेली कोंबडी जास्तीची. "पेन्शन माझी आणि कोंबडी हिला," ही तक्रार त्यांनी रोज केली, पण दुधी संपवला. काही महिन्यांनी अण्णांची तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी झाली तर आकडा इतका खाली, की त्यांच्या डॉक्टरांनी नवं औषध कोणी चालू केलं म्हणून विचारलं. अण्णा म्हणाले, "कुत्री."

याच सुमारास मी त्यांना इन्सुलिनची गोष्ट वाचून दाखवली. १८८९ साली स्ट्रासबुर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तर त्याला मधुमेह झाला. रोगाचं मूळ कुठे आहे ते तेव्हा कळलं. मग १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना त्याच अवयवाचा अर्क टोचून बघितला. त्यांतली एक मार्जोरी, ३३ नंबरची कुत्री, त्या अर्कावर सत्तरेक दिवस जगली. स्वादुपिंडाशिवाय कुत्रं इतकं जगत नाही. जानेवारी १९२२ मध्ये तेच औषध चौदा वर्षांच्या एका मुलाला दिलं, तो वाचला, पुढल्या वर्षी नोबेल. मार्जोरी आणि तिच्याबरोबरची ती सगळी कुत्री मेली. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग कंदीकडे बघून म्हणाले, "म्हणजे मी वीस वर्षं हिच्या पणज्यांच्या जिवावर जगतोय म्हण की." त्यानंतर कंदीच्या औषधाचा खर्च त्यांच्या पेन्शनमधून जाऊ लागला आणि त्यावर बोलायला घरात कोणाला परवानगी नव्हती. एक पाहुणे जेवताना म्हणाले, कुत्र्यापायी महिन्याला एवढे पैसे घालवण्यापेक्षा कोणा गरिबाला द्यावेत. अण्णांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही किती देता?" कोशिंबीर फिरली, विषय बदलला.

सगळं असंच सुरळीत चाललं असं नाही. डायबेटीस झालेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो. माणसाला वर्षानुवर्षं लागतात, यांच्या डोळ्यांत साखर भराभर काम करते. कंदीचे डोळे दिवाळीनंतर निळसर व्हायला लागले आणि होळीपर्यंत पांढरे झाले. खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून आणलं. तिचं वय आणि बाकीची तब्येत बघता शस्त्रक्रिया नको असं ठरलं. आम्ही रडवेले होऊन घरी आलो, आणि कंदी दारातून सरळ आत गेली, डावीकडे वळली, पाण्याच्या भांड्याशी थांबली, पाणी प्यायली आणि आपल्या पोत्यावर जाऊन झोपली. तिला घर पाठ होतं. आता घर हलायला नको, एवढंच आमच्याकडे काम उरलं. अण्णांनी फर्मान काढलं: एकही खुर्ची जागची हलणार नाही. दिवाळीची साफसफाई खुर्च्यांच्या भोवतीनं झाली. पुण्याहून आलेल्या मुलानं बॅग पॅसेजमध्ये ठेवली आणि कंदी धडकली, तेव्हा नातवाला अण्णांकडून आयुष्यात पहिल्यांदा शिवी मिळाली. मुलानं ती आनंदानं घेतली. शेवटी तोच तिला शर्टातून घेऊन आला होता.

आणि ती रात्र. दीड-दोनचा सुमार असेल. नखांचा आवाज आला म्हणून मी उठले, तर कंदी भिंतीला डोकं लावून थरथरत उभी. पाय फाकलेले, हाक मारली तरी कान हलत नाही. शुगर एकदम उतरली की असं होतं, आणि अशा वेळी चढलेल्या शुगरपेक्षा धोका जास्त. हिरड्यांना साखरेचं पाणी चोळायचं हे माहीत होतं, मी स्वयंपाकघराकडे पळाले. साखर विरघळवून वाटी घेऊन येते तर अण्णा कंदीशेजारी फरशीवर मांडी घालून बसलेले, आणि बोटानं तिच्या हिरड्यांवर काही तरी चोळतायत. कंदी पेढा! पाण्यात कुस्करलेला, अस्सल, मोती चौकातला.

"अण्णा, हा कुठून आला?"

"ते नंतर," अण्णा म्हणाले. "वाटी दे आधी."

पेढा आणि साखरपाणी यांनी मिळून काम केलं. थोड्या वेळानं थरथर थांबली, कान हलला, मग तिनं अण्णांचं बोट चाटलं आणि वाटीही चाटली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ग्लुकोज पावडर जवळ ठेवा असं सांगितलं, पेढ्याची शिफारस त्यांनी केली नाही. घरी तपास झाला. पेढ्यांचं खोकं कपाटात, लोकरीच्या स्वेटरांच्या मागे, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी. अण्णांचा बचाव एकच होता: "खोकं नसतं तर काय केलं असतं?" न्यायाधीश म्हणून बसलेल्या आम्हा तिघांनाही याचं उत्तर देता आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं एका सकाळी ताटलीला तोंड लावलं नाही. मग उलट्या. खाणं नाही तर इन्सुलिन कसं द्यायचं, आणि इन्सुलिन नाही तर शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात आम्ल साठतं. तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधाचा वास यायला लागला. दवाखान्यात सलाइन लावून बघितलं. स्वादुपिंडाला सूज होती, मूत्रपिंडही थकलेलं. एक दिवस बरं वाटायचं, पुढचा दिवस ते परत घ्यायचा. मान उचलेनाशी झाली तेव्हा डॉक्टरांनी आडवळणानं न बोलता सांगितलं, की आता जे करू त्यानं ती बरी होणार नाही, त्रास तेवढा लांबेल. मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं भिंतीकडे. अण्णांनी विचारलं, "घरी येऊन द्याल का?"

"येतो. दुपारी जमेल."

"दुपारी नको," अण्णा म्हणाले. "सातला या. तिला सातची सवय आहे."

डॉक्टर सातला आले. अण्णांनी तिला खुर्चीपुढच्या जागी निजवलं होतं. आधी खाणं, मग सुई, हा नियम त्यांना मोडायचा नव्हता, म्हणून त्यांनी पेढ्याचा कण तिच्या जिभेला लावला. गिळला की नाही कोण जाणे. मानेमागची कातडी अण्णांनीच धरली. डॉक्टरांना पायाची शीर हवी होती, तरी ते काही बोलले नाहीत, अण्णांचा हात होता तिथंच राहू दिला. शेपूट हललं. मी पाहिलं, नवऱ्यानंही पाहिलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. म्हणू देत.

रात्रीच गावाकडच्या शेतात न्यायचं ठरलं. पुरायचं तर खड्ड्यात मीठ टाकतात, म्हणून नवरा वाटेत किराणा दुकानात उतरला आणि खडेमिठाच्या पिशव्या मागितल्या. दुकानदारानं पिशव्या रचता रचता हसून विचारलं, "कैऱ्या उतरवल्या वाटतं? लोणचं घालताय?"

नवरा "हो" म्हणाला.

"यंदा कैरी चांगली आहे," दुकानदार म्हणाला. "फोडी नीट वाळवा."

गाडीत परत आल्यावर त्यानं आम्हाला हे सांगितलं आणि मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळलेल्या कंदीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले अण्णा हसायला लागले. मग आम्ही सगळेच. वाढ्याच्या पुलावर वेण्णा मागे गेली तरी कोणाला थांबवता येईना, आणि त्यातलं हसू कुठे संपलं ते अंधारात कळलं नाही.

"दुसरं आणा" हा सल्ला तेराव्याच्या आतच यायला लागला. आणू कदाचित. खुर्च्या अजून जागच्या हलवलेल्या नाहीत, पण ते मुख्यतः आळसामुळे. अण्णांची सातची सुई सातलाच होते. आता समोर बसून बघणारं कोणी नाही, त्यामुळे ते कोणाकडे बघून "आधी मी घेतो" म्हणतात ते मी विचारत नाही. स्वेटरांच्या मागे पुन्हा एक खोकं आलंय. तेही मला माहीत आहे. आठवड्याला एकच पेढा कमी होतो, तेव्हा जप्तीचा विचार सध्या नाही. लाल टोपणाच्या सिरिंज बऱ्याच उरल्या होत्या, त्या डॉक्टरांकडे नेऊन दिल्या. कोडोलीकडच्या एका पामेरियनला त्या दुसऱ्याच दिवसापासून लागू झाल्या.

तुमच्या घरी कुत्रं असेल तर एक करा. एरवीपेक्षा खूप पाणी प्यायला लागलं, सारखं लघवीला जायला लागलं आणि चांगलं खाऊनही बारीक होत चाललं, तर उन्हाळा आहे, वय झालंय म्हणून सोडून देऊ नका. कानाच्या कडेचा रक्ताचा एक थेंब पुरतो, यंत्रही बहुधा तुमच्या घरातच कोणाच्या तरी उशाशी असेल. पण आकडा बघून स्वतःच्या मनानं सुई टोचू नका. डॉक्टरकडे न्या, आणि शक्यतो त्याच दिवशी न्या.